‘जातीयवादी म्हणतील’ : एका भीतीचा आणि मौनाचा विचार

औरंगपुऱ्यात सरस्वती भुवनचे प्रांगण आहे, जिल्हा परिषदेचा परिसर आहे, महात्मा फुले यांचा पुतळा आहे आणि पुस्तकांची दुकाने आहेत. शिक्षक, विद्यार्थी, कर्मचारी आणि कामानिमित्त खेड्यांतून आलेली माणसे यांची येथे दिवसभर ये-जा असते. राजकारणावर बोलण्यात मराठवाड्याचा माणूस मागे असतो असे कोणी म्हणणार नाही. तरीही काही विषय निघाले की आवाज खाली येतो. आरक्षण, ॲट्रॉसिटी कायदा, विद्यापीठाचे नाव, शहराचे नाव अशा विषयांवर तोंड उघडण्यापूर्वी समोरच्याचे आडनाव आठवले जाते. समोरचा आपल्यातला असेल तर एक मत, नसेल तर दुसरे. पुष्कळदा मतच नाही. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते : ‘उगाच कशाला? जातीयवादी म्हणतील.’

युरोप-अमेरिकेत ‘वंशवादी’ ठरण्याच्या भीतीने राजकीय चर्चेवर काय परिणाम होतो, याचा ऊहापोह गेली कित्येक वर्षे चालू आहे. आपल्याकडे त्या शब्दाची जागा ‘जातीयवादी’ या शब्दाने घेतली आहे. जात आणि वंश एकच आहेत काय, हा वाद स्वतंत्र आहे. २००१ साली दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली, तेव्हा जातिभेदाचा प्रश्न तेथे मांडावा असा आग्रह दलित संघटनांनी धरला होता आणि भारत सरकारने त्यास विरोध केला होता. स्वतः डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही जातीचा उगम वंशभेदात आहे हा सिद्धांत नाकारलेला आहे. परंतु आरोपाची भीती जिभेवर कशी काम करते, हे पाहण्यासाठी तो वाद मिटण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. त्यासाठी आपल्या शहराचा इतिहास पुरेसा आहे.

प्रथम शब्दाविषयी. ‘जातीय’ हे विशेषण मराठीत फार सैल वापरले जाते. ‘जातीय दंगल’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हिंदू-मुसलमानांची दंगल येते. ‘जातीय सलोखा’ म्हणजेही धर्माधर्मांतील सलोखा. मग ‘जातीयवादी’ म्हणजे कोण? पाणवठ्यावरून दलिताला हाकलणारा? निवडणुकीत जातीची बेरीज मांडणारा? परधर्मीयांचा द्वेष करणारा? आरक्षणाच्या टक्केवारीवर शंका घेणारा? स्वतःच्या जातीसाठी आरक्षण मागणारा? या पाचही जणांना हा एकच शब्द लावला जातो. पाचांपैकी पहिला गुन्हेगार आहे आणि शेवटचे दोघे आपले नागरिक म्हणून असलेले हक्क बजावत आहेत. एवढ्या सगळ्यांना एका शब्दात बसवले म्हणजे गुन्हेगाराची लाज कमी होते आणि नागरिकाची भीती वाढते.

याचे आपल्या भूमीतील सर्वांत मोठे आणि सर्वांत दुःखद उदाहरण म्हणजे मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा होय. आज तिशीच्या आत असलेल्या वाचकांना तो केवळ ऐकून माहीत असेल, म्हणून थोडे विस्ताराने सांगणे इष्ट वाटते.

विद्यापीठाची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ रोजी झाली. त्यापूर्वी हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. उच्च शिक्षणासाठी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे पाहावे लागे आणि तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि त्यानंतर दोनच वर्षांनी या प्रदेशाला स्वतःच्या नावाचे विद्यापीठ मिळाले. ‘मराठवाडा’ हे नाव मुक्तिसंग्रामाच्या पिढीला इतके जिव्हाळ्याचे का वाटत होते, हे यावरून समजावे.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. विद्यापीठ होण्याच्या आठ वर्षे आधी, १९५० साली, डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने या शहरात महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले आणि त्याचा परिसर नागसेनवन म्हणून. ज्यांच्या आजोबांना गावच्या शाळेत उंबऱ्याबाहेर बसवले जात होते, त्यांची नातवंडे तेथून पदवीधर होऊन बाहेर पडली. मराठवाड्यातील विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे ही मागणी काही आकाशातून पडलेली नव्हती.

१९७७ मध्ये या मागणीने जोर धरला. १८ जुलै १९७८ रोजी शरद पवार मुख्यमंत्री झाले आणि अवघ्या नऊ दिवसांनी, २७ जुलैस, विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव संमत केला. लगेच मराठवाडा पेटला. नांदेड, परभणी आणि अन्य जिल्ह्यांतील गावोगावी दलित वस्त्यांवर हल्ले झाले. घरे जाळली गेली, धान्य लुटले गेले, बहिष्कार घातले गेले, माणसे रानोमाळ झाली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे यांची क्रूर हत्या झाली. ठरावाची अंमलबजावणी थांबली. १९७९ मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून या शहराकडे लाँग मार्च निघाला. सत्याग्रह झाले, तुरुंग भरले. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेड येथे गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार जाहीर झाला. ठरावापासून नामविस्तारापर्यंत साडेपंधरा वर्षे गेली.

आता आपल्या विषयाकडे येऊ. नामांतरास विरोध करणाऱ्यांत केवळ गावगुंड नव्हते. गोविंदभाई श्रॉफ होते. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे ते अग्रणी, मराठवाड्याच्या विकासासाठी आयुष्य वेचलेले, औरंगपुऱ्यातील सरस्वती भुवन संस्थेचे धुरीण. ‘दैनिक मराठवाडा’चे संपादक अनंत भालेराव होते, त्यांचीही हयात निजामी राजवटीशी झुंजण्यात आणि नंतर लेखणी झिजवण्यात गेली. त्यांच्या विरोधाचा आधार मराठवाड्याची अस्मिता हा होता. उलट बाजूस पुरोगामी चळवळीतील एस. एम. जोशी, बाबा आढाव यांच्यासारखी माणसे नामांतराच्या पाठीशी उभी राहिली. नामांतरवाद्यांचे म्हणणे असे की, अस्मिता हा बुरखा आहे, आत जातिद्वेष आहे. विरोध करील तो जातीयवादी.

आमच्या मते या वादातील खरी मेख येथेच आहे. नामांतरवाद्यांचे म्हणणे टेंभुर्णीच्या मारेकऱ्यांना तंतोतंत लागू होते. ज्याने वस्तीला काडी लावली त्याला विद्यापीठाचा कायदा कोणत्या सालचा हेही ठाऊक नव्हते. त्याला गावातील दलित डोके वर काढून चालतो याचा राग होता. पण तेच म्हणणे मुक्तिसंग्रामातील वृद्ध सेनानींना तसेच्या तसे लागू होते काय? ‘अस्मिता’ या शब्दाने जाळपोळ करणारे आणि विचारपूर्वक विरोध करणारे यांना एका छत्राखाली घेतले, आणि ‘जातीयवादी’ या शब्दानेही नेमके तेच केले. एका शब्दाने गुंडाला प्रतिष्ठा दिली, दुसऱ्याने मतभेद असणाऱ्याला गुंड ठरवले. दोन्ही शब्द आरोळी म्हणून उपयोगी होते, विचारासाठी निरुपयोगी.

परिणाम काय झाला? औरंगपुऱ्यापासून नागसेनवन पायी पाऊण तासाच्या आतबाहेर आहे. एका टोकाला १९१५ पासून चालत आलेली सरस्वती भुवन संस्था, दुसऱ्या टोकाला मिलिंद. दोन्हीकडे उत्तम वाचलेले, लिहिणारे, विद्यार्थ्यांवर वजन असणारे प्राध्यापक. त्या काळात या दोन टोकांमध्ये जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही असे आम्ही म्हणतो, ते नामविस्ताराच्या तोडग्याकडे पाहून. ‘मराठवाडा’ हे नाव राहावे आणि बाबासाहेबांचेही नाव यावे, हा तोडगा १९९४ मध्ये निघाला. तो काढण्यासाठी कोणते नवे ज्ञान लागले होते? प्रदेशाची अस्मिता राखण्याचा आग्रह प्रामाणिक असेल तर या नावात ती राखली जात होती. हे कागदावर मांडून दोन्ही बाजूंच्या जाणत्यांनी एकत्र बसण्याला अडथळा होता तो हा की, जो बसेल तो आपल्या लोकांत फितूर आणि परक्यांत संशयित ठरणार होता. विरोधकांतील मवाळ माणसाला ‘जातीयवादी’ हा शिक्का बसलेलाच होता. मग मवाळ राहून त्याला काय मिळणार? आणि दलित कार्यकर्त्याने तडजोडीचा शब्द काढला तर पोचीरामाच्या रक्ताचा विसर पडला असे त्याला ऐकावे लागणार होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर या लेखाचा विपर्यास होईल. दोन्हीकडच्या मौनाची किंमत सारखी नव्हती. शहरातील सुशिक्षित माणूस गप्प बसला तो नाव खराब होईल म्हणून. गावातील बौद्ध शेतमजूर गप्प बसला तो घर जळेल म्हणून, उद्या कामावर कोणी बोलावणार नाही म्हणून. एकाला शब्दाची भीती होती, दुसऱ्याला आगीची. आज ‘आम्हांला बोलता येत नाही’ अशी तक्रार मोठ्या आवाजात होते, तेव्हा ज्यांना शतकानुशतके बोलता आले नाही त्यांना तिचे आश्चर्य वाटल्यास नवल नाही. ‘जातीयवादी’ हा शब्द पीडितांच्या हाती आलेले जवळजवळ एकमेव शस्त्र होते. ते बोथट होऊ नये असे ज्यांना वाटते, त्यांनीच ते जपून वापरले पाहिजे. धार एकदा गेली की खऱ्या वेळी ते चालत नाही.

ते चालत नाही याचा अनुभव आपण घेतला आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये खुनाबद्दल कठोर शिक्षा दिल्या. पण ॲट्रॉसिटी कायद्याखालील गुन्हा सिद्ध झाल्याचे मानले नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही ते मानले नाही. चहाच्या टपरीवर हा शब्द कोणालाही सहज लावला जातो. न्यायालयात, चार प्रेते समोर असताना, तो लागू शकला नाही. बोलण्यात इतका स्वस्त आणि न्यायात इतका महाग असा दुसरा शब्द आम्हांला आठवत नाही.

या कायद्याविषयी थोडे अधिक सांगणे अवश्य आहे, कारण अलीकडच्या काळातील भीती मुख्यतः त्याच्याभोवती आहे. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती अत्याचार प्रतिबंधक अधिनियम १९८९ चा. तो ३० जानेवारी १९९० पासून अमलात आहे. जुलै २०१६ मध्ये अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील कोपर्डी येथे एका अल्पवयीन मुलीवर अत्याचार करून तिची हत्या झाली. त्यानंतर ९ ऑगस्ट २०१६ रोजी मराठा समाजाचा पहिला मोठा मोर्चा आपल्याच शहरात निघाला आणि मग राज्यभर असे मोर्चे निघत राहिले. कोपर्डीच्या आरोपींना शिक्षा, मराठा आरक्षण आणि ॲट्रॉसिटी कायद्यात बदल या त्यांतील प्रमुख मागण्या होत्या. हे मोर्चे मूक होते. घोषणा नाहीत, नेत्यांची भाषणे नाहीत. मुली निवेदन वाचत आणि लोक शिस्तीने घरी जात. त्या शिस्तीचे कौतुक झाले आणि ते रास्तच होते. तरीही आम्हांस असे वाटते की लाखो माणसांनी तोंड मिटून चालावे, यात शिस्तीइतकाच सावधपणाही होता. एकाने चुकीचा शब्द उच्चारला तर साऱ्या समाजावर शिक्का बसेल ही धास्ती होती. मौनामुळे मोर्चे शांत राहिले. मौनामुळेच, कायद्यातील कोणते कलम कोणाला कसे जाचते आणि कोणाला कसे वाचवते, हा संवाद मात्र झाला नाही. प्रत्युत्तरादाखल दलित-बहुजनांचे मोर्चे निघाले. दोन्हींच्या वाटा एकमेकींना छेदल्या नाहीत.

कायदा नेमके काय म्हणतो? अनुसूचित जातीजमातीच्या व्यक्तीचा, लोकांच्या नजरेसमोर, हेतुपुरस्सर अपमान करणे वा जातिवाचक शिवीगाळ करणे हा गुन्हा आहे. या समाजांविषयी द्वेष पसरवणे आणि त्यांना पूजनीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा अनादर करणे हेही गुन्हे आहेत. आरक्षणाच्या धोरणावर टीका करणे, कायद्यात दुरुस्ती मागणे, दलित पुढाऱ्याच्या राजकारणास विरोध करणे, यांपैकी काहीही त्यात गुन्हा म्हणून लिहिलेले नाही. अपमान जातीमुळे आणि लोकांसमोर झालेला असला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये उत्तराखंडातील एका प्रकरणात स्पष्ट केले. आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तीचा प्रत्येक अपमान हा जातीमुळे झालेला अपमान ठरत नाही, असे २०२४ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सांगितले. म्हणजे ज्या भीतीने माणसे चहाच्या टपरीवर गप्प बसतात, तिला कायद्याच्या पुस्तकात फारसा आधार नाही.

मग भीती येते कोठून? एक उदाहरण महाराष्ट्रातीलच आहे. कराडच्या औषधनिर्माण महाविद्यालयातील एका अनुसूचित जातीच्या कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालात वरिष्ठांनी प्रतिकूल शेरे लिहिले. त्याने या कायद्याखाली फिर्याद दिली. वरिष्ठांवर खटला भरण्यास तंत्रशिक्षण खात्यातील एका अधिकाऱ्याने परवानगी नाकारली, तेव्हा त्या अधिकाऱ्यावरही गुन्हा दाखल झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २० मार्च २०१८ रोजी न्यायालयाने गुन्हा रद्द केला आणि सोबत असे निर्देश दिले की, पूर्वपरवानगीशिवाय अटक होऊ नये व आवश्यक तेथे आधी प्राथमिक चौकशी व्हावी. त्यावर देशभर संताप उसळला, २ एप्रिलच्या भारत बंदमध्ये अनेकांचे प्राण गेले. ऑगस्ट २०१८ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती करून ते निर्देश निष्प्रभ केले. १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने स्वतःच ते मागे घेतले आणि दलित-आदिवासी हे वर्ग म्हणून कायद्याचा दुरुपयोग करतात असे गृहीत धरता येणार नाही असे बजावले. फेब्रुवारी २०२० मध्ये दुरुस्तीही वैध ठरली.

हा क्रम नीट पाहिला तर दोन्ही बाजूंना काही शिकता येते. प्रतिकूल शेरा लिहिणाऱ्या अधिकाऱ्याची धास्ती अगदीच काल्पनिक नव्हती. पण एका प्रकरणातील धास्तीवरून साऱ्या देशासाठी नियम करायला गेल्यावर, ज्यांची फिर्याद पोलीस ठाण्यात मुळात लिहूनच घेतली जात नाही अशांवर तो नियम कोसळणार होता. आणि निर्दोष सुटणे म्हणजे तक्रार खोटी असणे, हा समजही तपासून पाहण्यासारखा आहे. साक्षीदार फितूर होतात, गावात राहायचे असते, तपास रेंगाळतो. या गोष्टी दोन्ही बाजूंच्या लोकांनी समोरासमोर बसून बोलायच्या आहेत. त्या आज बहुधा आपापल्या जातीच्या व्हॉट्सॲप गटांत बोलल्या जातात. तेथे कोणी दुरुस्त करणारा नसतो.

मौनाने पूर्वग्रह मरत नाही, तो आत मुरतो. याचे एक कठोर उदाहरण इंग्लंडमधील रॉदरहॅम या शहराचे आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये प्राध्यापक अलेक्सिस जे यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. १९९७ ते २०१३ या काळात तेथे सुमारे १४०० मुलांचे लैंगिक शोषण झाल्याचा सावध अंदाज त्यात होता, आणि अत्याचार करणारे बहुतेक जण पाकिस्तानी वंशाचे असल्याचे नोंदले होते. काही कर्मचाऱ्यांनी सांगितले की, गुन्हेगारांचा वंश सांगितला तर आपल्याला वंशवादी समजतील अशी भीती त्यांना वाटत असे. अहवालात पोलिसांची बेपर्वाई आणि गरीब घरच्या मुलींविषयीचा तुच्छभावही तितकाच उघडा पडला, हे सहसा सांगितले जात नाही. त्या काळात बोलले गेले असते तर मुली वाचल्या असत्या, आणि त्या शहरातील निरपराध पाकिस्तानी कुटुंबांवरचा सरसकट संशयही कदाचित टळला असता. दहा वर्षांनी, ऑगस्ट २०२४ मध्ये, साउथपोर्टच्या हत्याकांडातील आरोपीविषयी पसरलेल्या खोट्या अफवेनंतर इंग्लंडमध्ये दंगली उसळल्या. रॉदरहॅमजवळच्या एका हॉटेलात आश्रयार्थी राहत होते, ते जमावाने पेटवण्याचा प्रयत्न केला. त्या आश्रयार्थींचा जुन्या गुन्ह्यांशी काहीही संबंध नव्हता. वेळेवर न बोललेले सत्य पुढे दंगलखोरांच्या हाती कसे लागते, हे यावरून ध्यानात यावे.

आपल्या मराठवाड्यात आज परिस्थिती काय आहे? २०२३ च्या ऑगस्टअखेरीस जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथे मनोज जरांगे पाटील उपोषणास बसले, १ सप्टेंबरला तेथे लाठीमार झाला आणि मराठा आरक्षणाचे आंदोलन नव्याने उभे राहिले. जून २०२४ मध्ये त्याच अंबड तालुक्यातील वडीगोद्री येथे इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या रक्षणासाठी लक्ष्मण हाके उपोषणास बसले. दोन्ही गावे शेजारची म्हणावीत इतकी जवळ. दोन्ही मंडपांत कोरडवाहू शेतकऱ्यांचीच मुले. कापसाचा भाव, पाण्याची टंचाई, नोकऱ्यांचा दुष्काळ यांवर त्यांचे दुमत असण्याचे कारण नाही. तरी एका मंडपातील माणूस दुसऱ्या मंडपातील माणसाला जातीयवादी म्हणत होता. या वेळी हा शब्द वापरणारे दोघेही स्वतःला वंचित समजतात, हे नवे आहे.

शहराच्या नावाचेही तेच. १९८८ पासून गाजत असलेला हा विषय २०२३ मध्ये केंद्राच्या मान्यतेने निकालात निघाला आणि मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नामांतर वैध ठरवले. मधल्या पस्तीस वर्षांत बदलाला विरोध करणारा औरंगजेबाचा वारस ठरत होता आणि पाठिंबा देणारा धर्मांध. पाणीपुरवठ्याची योजना रखडली असता नावावर खर्च कशाला, एवढा साधा प्रश्न विचारणाऱ्याला आधी आपण कोणत्या गोटातले नाही हे सांगावे लागे. सांगूनही उपयोग होत नसे. (औरंगपुऱ्याचे नाव मात्र लोकांच्या तोंडी अजून आहे तेच आहे.)

या विषयातून आपली मंडळी सुटलेली नाहीत. मराठवाड्यातील अनेक ख्रिस्ती कुटुंबांचे मूळ दलित समाजात आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या होत्या. १९५६ मध्ये शिखांना व १९९० मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या, ख्रिस्ती व मुस्लिमांना नाहीत. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये न्या. के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. धर्मांतरानंतरही जात चिकटून राहते हे आयोगापुढे सिद्ध करायचे, तर ती आपल्यातही आहे हे आधी मोठ्याने म्हणावे लागते. भारतातील कॅथलिक धर्माध्यक्षांनी डिसेंबर २०१६ मध्ये दलितांच्या सबलीकरणाविषयीचे धोरण प्रसिद्ध करताना ते म्हटले. धर्मग्रामाच्या बैठकीत मात्र हा विषय निघाला की कोणीतरी म्हणतो, ‘आपल्यात असे काही नाही, कशाला फूट पाडता?’ येथे जातीयवादी ठरतो तो विषय काढणारा.

अशा वेळी करावे काय? आमच्यापाशी जादूची कांडी नाही. पण एक सवय लावून घेण्यासारखी आहे. हा शब्द माणसाला किंवा मताला न लावता कृतीला लावावा. ‘तो जातीयवादी आहे’ याऐवजी ‘त्याने अमुक दिवशी अमुक माणसाला जातीमुळे घर भाड्याने नाकारले’ असे म्हणावे. पहिल्या वाक्याला उत्तर देता येत नाही, फक्त संतापता येते. दुसऱ्याची शहानिशा होऊ शकते. ते खरे असेल तर नाकारणाऱ्याला सुटका नाही, खोटे असेल तर आरोप करणाऱ्याला नाही. आणि ज्याच्या मताविषयी असा संशय घेतला जाण्याची शक्यता आहे, त्यानेही आपला प्रामाणिकपणा कृतीने दाखवावा. नामांतराला विरोध करणारा माणूस जळालेल्या वस्तीवर सर्वांच्या आधी धान्य घेऊन पोहोचला, तर त्याच्या अस्मितेच्या युक्तिवादाकडे वेगळ्या नजरेने पाहावेच लागते.

दुसरी गोष्ट शिक्षकांसाठी आणि आमच्या युवक गटांसाठी. पंधरा-वीस मुलामुलींना बसवून, प्रत्येकाला आपल्या विरोधी बाजूचे म्हणणे त्या बाजूला मान्य होईल अशा शब्दांत मांडायला सांगावे. नामांतराचा विषय यासाठी उत्तम आहे. तो पुरेसा जुना आहे आणि अजून पुरेसा जिवंत आहे. दरवर्षी १४ जानेवारीला विद्यापीठाच्या कमानीपाशी अभिवादनासाठी जमणाऱ्या हजारोंपैकी एखाद्या वयस्कर कार्यकर्त्याला बोलवावे, मुक्तिसंग्रामाच्या घराण्यातील एखाद्याला बोलवावे, आणि दोघांना एकाच खोलीत ऐकावे.

९ डिसेंबर २०२४ रोजी बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची निर्घृण हत्या झाली. आरोपपत्रात खंडणीचा संबंध मांडला गेला. पण जिल्ह्यातील चर्चा खंडणी आणि गुंडगिरी यांवरून बघता बघता मराठा आणि वंजारी यांवर गेली. गुंडगिरीविषयी प्रश्न विचारणाऱ्याची आधी जात पाहिली जाऊ लागली, तपास करणाऱ्या पोलिसाचीही. त्यानंतर २०२५ मध्ये बीड जिल्हा पोलिसांनी एक निर्णय घेतला : अधिकारी व कर्मचाऱ्यांच्या नावाच्या पाट्यांवरून आडनावे काढून टाकायची, केवळ पहिले नाव ठेवायचे. उद्देश चांगला आहे आणि आम्ही त्याचे स्वागत करतो. आता ठाण्यात फिर्याद घेऊन येणारा माणूस पाटी वाचतो, क्षणभर थांबतो आणि शेजारच्याला हळूच विचारतो, ‘साहेब कुणाकडचे?’